बायपासवर माणूस

कोऱ्हाळे बुद्रुकचा झुंबर भापकर माणसांपेक्षा प्रेशर गेजच्या काट्यावर जास्त विश्वास ठेवी. ठिबक बसवायला कुणाच्या विहिरीवर गेला की आधी गेजच्या काचेवर टिचकी मारायचा आणि मग मालकाला रामराम घालायचा. काटा दीड किलोवर स्थिर असला की मालक भला माणूस, लटपटत असला की मालकात काहीतरी खोट आहे, असा त्याचा हिशेब. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतल्या उसात त्याने इतक्या नळ्या अंथरल्या होत्या की रस्त्याने जाताना तो पिकाकडे बघायचाच नाही, फक्त विहिरीवरच्या फिल्टरकडे बघायचा. कुणाचं काम दुसऱ्याने केलेलं दिसलं की "धुतलाय त्याला," एवढं म्हणून पुढे जायचा.

राग धरून ठेवण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. दूध डेअरीत फॅट कमी लावली म्हणून त्याने म्हैस विकली, पण डेअरीवाल्याला पुन्हा दूध घातलं नाही. भावकीत तर त्याचं कुणाशीच सरळ नव्हतं. पण ज्याला वैर म्हणावं असं त्याचं एकच होतं, आणि ते साडूशी. कळंबचा जोतीराम रणवरे. झुंबरच्या बायकोची, विजयमालाची, धाकटी बहीण रेश्मा जोतीरामला दिलेली. वालचंदनगरच्या वाटेवर जोतीरामचं पेट्रोल गाड्यांचं गॅरेज होतं. माणूस हुशार, पण तोंडाने फाटका. झुंबर त्याचं नावसुद्धा घेत नसे. घरात विषय निघालाच तर "कळंबकर" म्हणायचा, तेही पाणी थुंकल्यासारखं.

वैराचं मूळ पाण्याच्या व्हॉल्व्हच्या एका चाकात होतं. जोतीरामच्या उसाला ठिबक झुंबरनेच बसवून दिलं होतं. ठिबकात मोटर पाणी एकाच जोराने फेकते. पिकाला लागेल तेवढं नळ्यांत जातं आणि उरलेलं बायपासच्या वाटेने परत विहिरीत पडतं. ही परतीची वाट किती उघडी आहे, यावर नळ्यांतलं प्रेशर ठरतं. शेतातला एक प्लॉट बंद केला की बायपास जास्त उघडावा लागतो, नाहीतर दुसऱ्या प्लॉटच्या नळ्या ताणून फुटतात. म्हणून प्लॉट बदलताना एक माणूस शेतात आणि एक विहिरीवर, ही या भागातली रीत. शेतातला हाळी देतो, विहिरीवरचा बायपासचं चाक फिरवतो.

जोतीरामने एक दिवस हाळी न देताच प्लॉट बंद केला. विहिरीवर कुणी नव्हतंच. उसात जागोजाग नळ्या फुटून पाणी उडालं. झुंबरचं म्हणणं, मी सांगितलं होतं की बायपासवर माणूस ठेव. जोतीरामचं म्हणणं, कुणी काही सांगितलं नाही, सांगायच्या वेळी साडू जेवायला बसले होते. एवढ्यावर मिटलं असतं. पण नात्यातल्या एका बारशाच्या पंगतीत जोतीराम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आमच्या साडूनं माझ्या रानात कारंजी बसवून दिल्यात. गेटावर तिकीट लावावं म्हणतोय." पंगत हसली. झुंबर भरल्या ताटावरून उठला. त्यानंतर सात वर्षं ते दोघं एकमेकांशी सरळ बोलले नाहीत. लग्नकार्यात समोरासमोर आले तरी मध्ये बायकांना धरून बोलायचे, आणि तेही टोचायला.

आता विमानाचं. बारामतीच्या धावपट्टीवरून शिकाऊ विमानं उडायची. ती घिरट्या घालताना झुंबरच्या शेतावरून जायची. बरीच वर्षं त्याने मान वर करून पाहिलं नाही. एकदा पाहिलं, आणि मग त्याचं लक्ष नळ्यांवरून उडालं. त्याने नकाशे मागवले आणि ठिबकचं सामान ठेवायच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक दोन माणसांचं विमान बांधायला घेतलं. गावाने त्याला वेड्यात काढलं. त्याचा उलटा परिणाम झाला. लोक हसतात म्हटल्यावर झुंबर ते काम अर्धवट सोडणं शक्यच नव्हतं.

इंजिन त्याने पुण्याच्या भंगारवाल्याकडून आणलं, अपघातातल्या एका जपानी गाडीचं. या इंजिनाच्या पोटात पिस्टन नसतो. तीन कोनांचा एक जाड लोखंडी रोटर आत गरगर फिरतो, आणि त्याच्या टोकांना बसवलेल्या पट्ट्या कोठीच्या भिंतीला घासत जातात. पेट्रोल कमी पडलं की या पट्ट्या तडकतात. जास्त झालं की इंजिन आतून भिजतं आणि पुन्हा लवकर पेटत नाही. म्हणून त्याला पेट्रोल नेमक्या प्रेशरने लागतं. त्यासाठी मूळच्या इंजिनावर एक रेग्युलेटर होता, मुठीत मावेल एवढी डबी. आतला रबरी पडदा फाटलेला होता. झुंबरने डबी उघडून पाहिली आणि फेकून दिली.

त्याला डबीची गरज वाटली नाही. पंप पेट्रोल फेकतो, इंजिन लागेल तेवढं पितं, उरलेलं परतीच्या नळीने टाकीत येतं. हे तर त्याचं जन्माचं काम होतं. त्याने परतीच्या नळीवर एक पितळी व्हॉल्व्ह बसवला, त्याला लांब दांडा जोडला आणि दांड्याचं चाक थेट वैमानिकाच्या सीटजवळ आणलं. समोर गेज लावला. काटा पावणेतीन किलोवर ठेवायचा. चढला तर चाक उघडायचं, उतरला तर आवळायचं. त्याला या कल्पनेचा इतका अभिमान होता की कामावर गेला तरी शेतकऱ्यांना चाक फिरवून दाखवायचा आणि म्हणायचा, "विमान म्हंजे काय न्हाय, वरनं जाणारं ठिबक."

विमान उडवणार होती संस्कृती, म्हणजे जोतीरामची मुलगी. ती बारामतीत विमान उडवायला शिकली आणि आता तिथेच नव्यांना शिकवत होती. बापाला न विचारता ती काकाच्या शेडमध्ये यायला लागली. झुंबर तिच्याशी मात्र नरमाईने बोलायचा. कळंबची असूनही पोरगी शहाणी आहे, हे त्याला मान्य होतं. तिच्याशिवाय या विमानाला हात लावायला दुसरा कुणी वैमानिक तयार नव्हता, हेही त्याला ठाऊक होतं. ती नाही म्हणाली असती तर सगळं शेडमध्येच राहिलं असतं, आणि गावाला जन्मभराची करमणूक झाली असती.

चाक पाहून ती म्हणाली होती, "काका, एक हात विमान वळवायच्या दांडीवर, एक इंजिनाच्या थ्रॉटलवर. तिसरा कुठून आणू? आमच्या गॅरेजात या इंजिनाला बसेल असा रेग्युलेटर पडून आहे. आणू का?"

"कळंबची वस्तू माझ्या विमानाला लागायची न्हाय," झुंबर म्हणाला. त्या दिवशी त्याने तिला चहासुद्धा विचारला नाही. चहा विजयमालाने दिला, आणि संस्कृती चाकावरच उडायला हो म्हणून गेली.

अखेर परवानगीचे कागद आले. शेडला लागून असलेल्या गावाबाहेरच्या मुरमाड माळावर झुंबरने धावपट्टी सारखी करून ठेवली होती. रविवारी पहिलं उड्डाण करायचं ठरलं, आणि रविवारी सकाळीच जोतीरामची पिकअप शेडसमोर येऊन थांबली. रेश्माने आदल्या दिवशी घरात उड्डाणाचं आणि चाकाचं सगळं सांगून टाकलं होतं. ती रडवेल्या तोंडाने मागून उतरली.

झुंबर विमानाच्या पंखाखाली होता. तो बाहेर आला नाही.

"आक्का," जोतीराम विजयमालाला म्हणाला, "विमान कुठं हाय?"

"समोर तर हाय की, जोतीरामराव."

"हे व्हय? मला वाटलं फवारणीचा पंप उभा केलाय."

पंखाखालून आवाज आला. "विजे, पाव्हण्यांना पाणी दे. आनि म्हणावं, आज गॅरेजला सुट्टी दिसतीय. एरवी सुट्टीच असती म्हणा, गिऱ्हाईकं पुन्हा येत न्हाईत."

"आक्का, त्यांना सांगा, माझी गिऱ्हाईकं पुन्हा येत न्हाईत, कारण गाडी पुन्हा बिघडत न्हाय. नळ्यांचं तसं नसतंय."

"बाबा, तुम्ही भांडायला आलाय की मला बघायला?" शेडमधून बाहेर येत संस्कृती म्हणाली.

"तुला बघायला. खाली असतानाच बघून घेतो."

जोतीरामने विमानाला एक फेरी मारली. हात मागे बांधलेले, जसा बाजारात बैल बघताना माणूस बांधतो. सीटपाशी आला आणि थांबला. पितळी चाकाला त्याने हात लावला नाही. वाकून दांडा कुठे जातो ते पाहिलं, परतीच्या नळीपर्यंत गेला आणि सावकाश सरळ झाला. या वेळी त्याच्या तोंडून टोमणा आला नाही.

"आक्का, त्यांना विचारा, फुल्ल थ्रॉटल देऊन बघितलाय का?"

"बघितलाय," झुंबर बाहेर येत बायकोला म्हणाला. "शेपटी ट्रॅक्टरला बांधून बघितलाय. काटा जागचा हलला न्हाय. सांग त्यांना."

"आक्का, चाकावर कोण होतं?"

"सांग, मी होतो. दुसरं कोण असणार?"

"आनि थ्रॉटलवर?"

विजयमाला पदराशी चाळा करत म्हणाली, "मी होते. हे शेजारच्या सीटवर बसून सांगायचे, वाढीव, कमी कर. तसं मी करायची. आनि हे चाक फिरवायचे."

"म्हंजे दोन माणसं," जोतीराम म्हणाला.

झुंबरच्या मानेवरची शीर दिसायला लागली. त्याला त्यात काय चुकलं हे अजून कळलं नव्हतं, पण कळंबकराच्या हाताला काहीतरी लागलंय, एवढं कळलं होतं.

"आक्का, आता पोरगी एकटी बसू द्या. शेपटी बांधा. पट्टीवरून उठताना जसं करायचं तसं करू द्या. कुणी हात लावायचा न्हाय, कुणी सांगायचं न्हाय," जोतीराम म्हणाला.

"बांधतो," झुंबर बायकोला म्हणाला. "सांग त्यांना, बघून घ्या आनि मग गप घरी जा."

ट्रॅक्टरला साखळी लावली. संस्कृती एकटी आत बसली. झुंबर पंखामागे असा उभा राहिला की त्याला गेज दिसावा. इंजिन पेटलं. काटा पावणेतीन किलोवर होता. झुंबरने जोतीरामकडे न पाहता हनुवटी वर केली.

तिने एक हात दांडीवर ठेवला आणि दुसऱ्याने थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलला. साखळी ताणली गेली. इंजिन एकदम जास्त पेट्रोल प्यायला लागलं, परतीच्या नळीत जायला उरलं थोडंच, आणि वाट मात्र होती तेवढीच उघडी होती. काटा खाली यायला लागला. दोन किलो. दीड. आवाज पातळ झाला, मग खोकल्यासारखा तुटायला लागला. तिने थ्रॉटल सोडून चाक आवळलं. इंजिन सावरलं. झुंबरने श्वास सोडला. पण पट्टीवर उतरताना करतात तसा तिने थ्रॉटल मागे ओढला, आणि आवळलेल्या चाकाकडे जायला तिला क्षणभर उशीर झाला. काटा उसळून चारच्या पलीकडे गेला. नळकांड्यातून काळा धूर आला, पेट्रोलचा उग्र वास सुटला, आणि विमानाच्या नाकावरचा पंखा दोन हेलकावे खाऊन थांबला. तिने पुन्हा किल्ली फिरवली. नुसता गुरगुराट. भिजलेलं इंजिन पेटलं नाही.

साखळी सैल पडली.

"आक्का," जोतीराम म्हणाला. आवाज वाढवलेला नव्हता, आणि तेच झुंबरला जास्त लागलं. "सात वर्षं हे दोन तालुक्यांत सांगत फिरत्यात. जोतीरामनं बायपासवर माणूस ठेवला न्हाय, म्हणून नळ्या फुटल्या. बरोबर हाय, मी न्हवता ठेवला. उसाच्या नळ्या होत्या, फुटल्या, पुन्हा टाकल्या. आता त्यांना एवढंच विचारा. हितं वर बायपासवर माणूस कोण? माझी पोरगी? आनि मग विमानावर कोण?"

विजयमालाने विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

झुंबरला उत्तर सुचत होतं, पण ते सगळं जोतीरामला शिव्या घालण्याचं होतं, चाकाचं नव्हतं. उसाची तहान दिवसभर एकसारखी असते. एकदा चाक बसवलं की दुपारपर्यंत बघायला लागत नाही. इंजिनाची तहान हाताच्या एका हालचालीत बदलते. हे त्याच्या ध्यानात यायला हवं होतं. ते कळंबकराच्या ध्यानात आधी आलं, याचा त्याला चुकीपेक्षा जास्त राग आला.

संस्कृती उतरली. "काका, या चाकावर मी उडणार नाही."

"पयल्यांदा व्हय म्हणाली होतीस."

"म्हणाले होते. बाबांना चिडवायला म्हणाले होते. ते माझंच चुकलं."

जोतीरामने शर्टाच्या खिशातून डबी काढली, रेग्युलेटर, फडक्यात गुंडाळलेला. ती त्याने पंखावर ठेवली आणि चार पावलं मागे जाऊन लिंबाच्या सावलीत बसला. झुंबर डबीकडे पाहत राहिला. त्याने ती उचलली नाही. रेश्मा पुढे होऊ लागली तर त्याने तिच्याकडे असं पाहिलं की ती थांबली.

शेवटी विजयमालाने डबी उचलली आणि नवऱ्याच्या हातात कोंबली. "घ्या. माझ्या माहेरची समजा. आनि जास्त वेळ बघत बसू नका, पोरीनं सकाळपासनं खाल्लं न्हाय."

काम मात्र झुंबरने एकट्याने केलं. प्लग काढून वाळवले. चाक, दांडा, व्हॉल्व्ह सोडवला. इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीच्या टोकाला डबी बसवली, तिथून परतीची नळी सरळ टाकीला नेली, आणि डबीच्या डोक्यावरची बारीक रबरी नळी इंजिनात हवा ओढणाऱ्या पाइपाला जोडली. जोतीराम सावलीतून बोलत होता, कुणाचंही नाव न घेता.

"लोकं क्लिप उलटी लावत्यात. मग गळतं."

झुंबरने क्लिप पाहिली. सरळ होती. तरी काढून पुन्हा लावली.

"आत स्प्रिंग असती, पडदा असतो," सावलीतला आवाज पुढे म्हणाला. "इंजिन जास्त प्यालं की परतीची वाट आवळतो, कमी प्यालं की सोडतो. बायपासवरचा माणूसच म्हणायचा. फक्त जेवायला जात न्हाय."

झुंबरच्या हातातला पाना थांबला. मग पुन्हा फिरला.

पुन्हा इंजिन लावलं. काटा सव्वादोनवर बसला. झुंबर इतक्या उत्साहाने वळला की त्याला ठेच लागली. "विजे, सांग त्यांना. काटा उतरलाय. अर्धा किलो उतरलाय."

"आक्का, सांगा, इंजिन मंद असताना स्वतःच ओढतंय. ओढणाऱ्याला ढकलायला कमी लागतं. ती बारकी नळी त्याचसाठी हाय. थ्रॉटल दिला की बघा म्हणावं."

संस्कृतीने थ्रॉटल दिला. साखळी ताणली. काटा पावणेतीनवर चढला आणि तिथे चिकटल्यासारखा राहिला. तिने एकदम सोडला, पुन्हा दिला, पुन्हा सोडला. इंजिन एकदाही अडखळलं नाही. झुंबरने जवळ जाऊन काचेवर टिचकी मारली. काटा हलला नाही. त्याचा चेहरा असा झाला की कुणाला वाटावं, काटासुद्धा फितूर झाला.

दुपार उलटल्यावर वारा पडला. साखळी सोडली. संस्कृतीने पट्टीवर दोनदा विमान नुसतं पळवलं, आणि तिसऱ्या वेळी मुरूम उडवत ते लांब पळालं, उसाच्या अलीकडे हलकं झालं आणि उठलं. रेश्माने डोळे मिटले. विजयमालाने तिचा दंड धरला.

झुंबर आणि जोतीराम पट्टीच्या कडेला उभे होते, मध्ये ट्रॅक्टर जाईल एवढं अंतर ठेवून. दोघांच्या माना एकाच बाजूने वळत होत्या. विमान उसावरून, कालव्यावरून वळसा घेत होतं. त्याचा आवाज सारखा होता, ताणलेल्या दोरीसारखा. झुंबर फक्त आवाज ऐकत होता. काढलेला पितळी व्हॉल्व्ह त्याच्या हातात राहून गेला होता, आणि त्याचा अंगठा ते चाक फिरवत होता. आवळत होता, सोडत होता. त्याला स्वतःला ते माहीत नव्हतं.

जोतीरामने ते पाहिलं. त्याची नजर विमानावरून त्या हातावर गेली, हातावरून विमानावर.

"बंद करा ते," तो झुंबरला म्हणाला. "पोरगी वर हाय."

सात वर्षांत मध्ये कुणाला न घेता बोललेलं ते पहिलं वाक्य होतं. झुंबरने हाताकडे पाहिलं. अंगठा थांबला. त्याने व्हॉल्व्ह घट्ट मुठीत धरला, आणि विमान वळसा पुरा करून, पट्टीला लागून, धूळ उडवत शेडच्या तोंडाशी येऊन उभं राहीपर्यंत मूठ उघडली नाही.

पंखा थांबला. रेश्मा रडत लेकीकडे धावली. जोतीरामने टोपी काढून तोंड पुसलं आणि पिकअपकडे वळला. डबीचं काय, असं त्याने विचारलं नाही, आणि झुंबरनेही काही सांगितलं नाही.

पिकअप सुरू झाल्यावर झुंबर बायकोजवळ गेला.

"विजे," तो मोठ्याने म्हणाला, गाडीत ऐकू जाईल असं. "सांग त्यांना. पोरगी खाली येस्तोवर व्हॉल्व्ह मी बंदच धरला होता."